बचावाची बेरीज

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मुलुंडच्या आमच्या घरात शास्त्रार्थाचा प्रसंग ओढवला. बाहेरच्या खोलीत चिरंजीव आणि त्यांचे तीन मित्र चौकटींचा कागद पसरून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या या खेळात पट गौण, कथन प्रमुख. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, सूत्रधाराने जग उभे करायचे आणि शंकेच्या जागी वीस पैलूंच्या फाशाला कौल लावायचा. मुलांपाशी होती ती २००३ सालची ३.५ ही आवृत्ती. एकाच्या थोरल्या भावाने जपून ठेवलेली.

वाद बचावाचा होता. चिरंजीवांच्या सरदाराला ‘कॉम्बॅट एक्स्पर्टीज’ ही विद्या अवगत होती. तिच्या बळावर आपल्या वारातून पाचपर्यंत गुण वजा करून तेवढेच बचावात मिळवता येतात. शिवाय कोणाही लढवय्याला सावधपणे लढण्याची मुभा असतेच : वारातून चार वजा, बचावात दोन अधिक. ‘डॉज’ या विद्येचा एक गुण निवडलेल्या शत्रूपुरता वेगळा. आता हे तिन्ही एकत्र धरायचे का?

“तुम्ही दोघं भाषा शिकवता ना? मग वाचून सांगा,” असे म्हणत पुस्तक आमच्या हाती आले.

आम्ही हरखलो, हे कबूल केले पाहिजे. वर्गात व्याकरण काढले की माना खाली जातात. इथे चार तरुण एका वाक्याच्या अन्वयासाठी खोळंबले होते. ग्रंथ वाचताना आम्हांला ओळखीचीच वाट दिसली, उत्सर्ग आणि अपवाद यांची. एकाच जातीच्या दोन लाभांची बेरीज होत नाही, मोठा तेवढा धरावा, हा उत्सर्ग. चुकवण्याचे लाभ मात्र एकमेकांत मिळवावेत, हा अपवाद. हे तिन्ही लाभ चुकवण्याच्याच जातीचे. सबब बेरीज ग्राह्य. आम्ही निवाडा दिला.

सरदाराचा बचाव एकवीस होता तो एकोणतीस झाला. समोरच्या राक्षसाच्या वाराला नऊची जोड होती. म्हणजे एरवी फाशावर बारा पुरले असते, आता थेट वीसच हवेत. चिरंजीव विजयी मुद्रेने बसले. त्यांच्या स्वतःच्या वाराची नऊची जोड शून्यावर आली होती, तिकडे कोणी पाहिले नाही.

सूत्रधार मुलगा मात्र शहाणा निघाला. त्याचा राक्षस या अभेद्य सरदाराशी लढलाच नाही. तो बगलेने पुढे निघाला, मागे उभ्या असलेल्या जादूगाराकडे. जाताजाता त्याच्यावर एक वार करण्याचा हक्क सरदाराला होता. फासा पडला : बारा. एरवी आठही पुरले असते. त्या फेरीत सतरा हवे होते. जादूगार मेला. तो ज्याचा होता तो मुलगा काही बोलला नाही, कागदाची घडी घालत राहिला.

रात्री आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात तासिका तत्त्वावर लोकसाहित्य शिकवणारा एक सहकारी होता. नव्या सत्रात त्याचे तास काढून घेतले गेले. बैठकीत विषय निघाला तेव्हा आमच्यापैकी एकाने नियमांचा हवाला दिला, दुसऱ्याने कामाच्या भाराचा आणि दोघांनीही तटस्थतेचा. नोकरी कायम, निवृत्तिवेतन शाबूत, कुणाशी वैर नाही. आमच्याही बचावांची बेरीज चोख होती. घाव आमच्यावर आलाच नाही. तो बगलेने पुढे गेला. पुढे तो सहकारी स्थानकावर एकदोनदा दिसला. त्याने नमस्कार केला, आम्हीही केला.

आमचा निवाडा चुकला नव्हता. आजही तोच देऊ. पण अंगी असलेला बचाव दर फेरीला पुरता वापरलाच पाहिजे, असे त्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही. ‘पाचपर्यंत’ असे आहे. किती वजा करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

पुढच्या रविवारी चिरंजीवांनी वारातून दोनच वजा केले. सरदाराला तीन घाव लागले. त्या सहकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आमच्यापाशी अजून आहे.