अंबादेवीच्या दारापासून आपल्या दारापर्यंत

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांना आपण वऱ्हाडी माणसं शेतीमुळे ओळखतो. त्यांची दुसरी ओळख मुलांना करून द्यावी, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अमरावतीला निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं. गाडीच्या खिडकीतून कापसाची वेचणी दिसत होती. बडनेऱ्याला उतरून ऑटोने गांधी चौकात आलो. जवळच अंबादेवीचं मंदिर. फुलांची दुकानं, ओटीचं सामान, दर्शनाला जाणारी माणसं. कुणी कुणाची जात विचारत नव्हतं.

1927 साली विचारत होते. अस्पृश्य मानलेल्यांना इथे प्रवेश नव्हता. त्यासाठी सत्याग्रह उभा राहिला. वेदवाङ्मयावर विलायतेत डॉक्टरेट मिळवून आलेले पंजाबराव त्यात पुढे होते. 13 नोव्हेंबरला अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ती चालू असतानाच त्यांचे थोरले भाऊ बाळाराम गेल्याची तार आली. दुःख गिळून त्यांनी कामकाज पुढे नेलं. मंदिराचं दार काही लगेच उघडलं नाही. पण हात उगारायचा नाही आणि हक्कही सोडायचा नाही, ही वाट वऱ्हाडाने पाहिली. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

"अब्बू, पाणीसुद्धा भरू देत नव्हते?" धाकटीने विचारलं.

तिला महाडचं चवदार तळं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला परिषदेसाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली, हेही सांगितलं. मुलांचे चेहरे खुलले. मग अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराची गोष्ट निघाली. तिथे बसमध्ये गोऱ्यांची जागा वेगळी, काळ्यांची वेगळी. 1955च्या डिसेंबरात काळ्या लोकांनी बसमध्ये चढणंच सोडलं. 381 दिवस कुणी पायी गेले, कुणी एकमेकांच्या गाड्यांतून. शेवटी कायदा बदलला.

"आपल्यात असं नाही," आम्ही अभिमानाने म्हणालो. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान सांगितली. अरबाला गैरअरबावर, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व फक्त तकव्याने, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची अखेरच्या हजमधली शिकवण सांगितली.

परतीच्या गाडीत मोठी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मग आपाच्या त्या रिश्त्याला आपण नाही का म्हटलं?"

मुलगा शिकलेला, नमाजी, कमावता. आम्ही एवढंच विचारलं होतं, बिरादरी कोणती? उत्तर ऐकून चहा पाजला आणि "कळवतो" म्हणून निरोप दिला. मशिदीत त्याच माणसांच्या खांद्याला खांदा लावून आम्ही उभे राहतो. सफ एक, दस्तरखान मात्र वेगळं.

अकोला येईपर्यंत आम्हाला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर आपाशी बोललो. तिला तो रिश्ता पसंत होता, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. इशाची नमाज झाली आणि आम्ही त्या घरी फोन लावला.