थिबाची नात

रत्नागिरीत थिबा पॅलेस कुठं, हे कुणीही सांगेल. जांभ्या दगडाच्या भिंती, अर्धगोल खिडक्या, वरून दिसणारी भाट्याची खाडी. पर्यटकाला एवढं पुरतं. ब्रह्मदेशाच्या थिबा या पदच्युत राजाला हा वाडा राहायला मिळाला १९१० च्या अखेरीस, म्हणजे गावात येऊन चोवीस वर्षं उलटल्यावर. तोवर तो आजोबाही झाला होता.

१८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं तेव्हा थिबा २६ वर्षांचा होता. राणी सुपायालात गरोदर, कडेवर दोन लेकी. तिसरी हद्दपारीच्या वाटेवर मद्रासला झाली, चौथी १८८७ साली रत्नागिरीत. राजा म्हणून त्याचं नाव काही चांगलं नव्हतं. १८७९ साली मंडालेत राजघराण्यातल्या नातेवाइकांची कत्तल झाली ती त्याच्याच राजवटीत. तीत सासूचा आणि दरबाऱ्यांचा हात किती, यावर इतिहासकार भांडोत. रत्नागिरीकरांच्या वाट्याला आला तो मात्र संसारी माणूस. तुटपुंजा तनखा, सावकारांचं देणं, त्यापायी विकली जाणारी माणकं आणि घरात चार लेकी. नियतीची गंमत अशी, की याच गावात जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ थिबाच्या राजधानीत, मंडालेत, कैदेत होते.

लेकींचे कान टोचायचे राहून गेले होते. ब्रह्मी रिवाजात मुलगी वयात आल्याची ती खूण. तो सोहळा अखेर १९१४ साली थाटात झाला, तेव्हा थोरली तिशी ओलांडून गेली होती. लग्नांचं तर नावच नको. जावई राजरक्ताचाच हवा, हा बापाचा हट्ट. आणि रत्नागिरीत राजरक्त आणायचं कुठून?

थोरलीनं तो प्रश्न आपल्या परीनं सोडवला. वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या दरवानावर तिचा जीव जडला. तो विवाहित होता. १९०६ साली तिला मुलगी झाली, टुटू. राजघराण्यावर आभाळ कोसळलं असणार. पण थिबाला हयातीत नातवंड पाहायला मिळालं ते हे एकच. धाकट्या लेकींची मुलं जन्मली ती त्याच्यामागं, ब्रह्मदेशात.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा गेला. टुटू तेव्हा दहा वर्षांची. मायदेशी नेण्याच्या आशेनं घरच्यांनी त्याचा देह दोन वर्षांहून अधिक काळ शवपेटीत ठेवला. सरकारनं १९१९ साली रत्नागिरीतच दफन उरकलं. त्याच वर्षी राणी रंगूनला परतली. थोरलीही गेली होती, पण लेकीला घेऊन पुन्हा कोकणात आली आणि १९४७ साली इथंच वारली.

टुटूचं लग्न झालं, ती पवारांची सून झाली. मराठी बोलायची, शेण्या थापायची, कागदी फुलं करून विकायची. मंडालेच्या सिंहासनाची ही नात २००० साली रत्नागिरीतच वारली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास थिबाच्या समाधीच्या दर्शनाला आले, तेव्हा त्याच्या मराठी वंशजांनाही भेटले.

राजवाडा पाहायला जाल तेव्हा तसेच पुढं शिवाजीनगरातल्या समाधीवरही जा.