घरी कोण कोण असतं?

तिशीच्या अलीकडपलीकडच्या मुलीला मुलाखतीत आता कुणी ‘मूल कधी?’ असं थेट विचारत नाही. ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारतात. प्रश्न आपुलकीचा वाटतो, पण मुलगी तो बरोबर ओळखते. ‘सासूबाई असतात ना, अगदी ठणठणीत आहेत,’ असं पटकन सांगून टाकते. मी बरीच वर्षं टेबलाच्या अलीकडे बसते आहे आणि सासूबाईंच्या तब्येतीवर नोकऱ्या ठरताना पाहिल्या आहेत. मुलग्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यांच्या घरी कुणीतरी असणारच, हे सगळ्यांनी धरलेलं असतं.

विचारणारी माणसं दुष्ट नसतात, हिशेबी असतात. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी 12 आठवड्यांची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. आम्ही बायका हरखलो, आणि हरखण्यासारखंच होतं ते. पण रजेतला पगार कुणी द्यायचा? राज्य कामगार विम्यात बसणाऱ्या बाईला विमा महामंडळ देतं. त्या विम्याच्या पगारमर्यादेच्या वर गेलेल्या बाईचा सगळा भार मालकावर. म्हणजे टाळ्या सरकारला आणि बिल वीस माणसांच्या ऑफिसला. मोठी आयटी कंपनी ते पचवते. छोटा मालक मुलाखतीतच सावध होतो, आणि कायदा मोडल्याचा कुठलाही पुरावा त्याच्यामागे उरत नाही.

मुंबईत हा वाद फार जुना आहे. 1928 च्या जुलैमध्ये कामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता देणारं विधेयक इलाख्याच्या कायदेमंडळात चर्चेला आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्याच हिताचं आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलावा, हे त्यांना मान्य होतं. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला होतो, मग त्याचीही सुटका नाही, असं त्यांचं म्हणणं. 1929 मध्ये कायदा झाला, आठ आणे रोजाचा. भार मालकावरच राहिला. पुढच्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण उतरत गेलं. रात्रपाळीवरची बंदी आणि खात्यांतली काटछाट हीही त्यामागची कारणं होती, सगळं खापर त्या आठ आण्यांवर फोडता येणार नाही. पण बाई कामावर ठेवणं मालकाला महाग पडतं, हे गणित तेव्हाच मांडलं गेलं.

1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आलं, पण मोजणी बायकांची. पुढे मर्यादा तीसवर आणली, म्हणजे एकतिसावी बाई घेतली की पाळणाघर बांधायचं. कागदावर अगदी माणुसकीचं कलम. पण कुठल्याही मॅनेजरला त्यातून एकच अर्थ कळणार, की बायका तीसवरच थांबवा. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी मोजायला सांगितले, बाई असो की पुरुष. मला विचाराल तर त्या दुरुस्तीतली सर्वांत शहाणी ओळ 26 आठवड्यांची नाही, ही आहे. मूल त्यात पहिल्यांदाच पुरुषाच्याही खात्यावर पडलं.

क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शिक्षण आणि नोकरीत बरोबरीने चालणाऱ्या स्त्री-पुरुषांचे पगार पहिल्या मुलानंतर फाटायला लागतात, हे त्यांनी अमेरिकेच्या आकड्यांतून दाखवलं. इथे बऱ्याचजणींच्या बाबतीत पगार फाटण्यापर्यंत गोष्ट जातच नाही, नोकरीच सुटते.

आणि जिथे सुटण्याजोगी नोकरीच नाही, तिथे? बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल जोडीने घ्यायची आणि ती टनांवर फेडायची. एकाचा खाडा झाला की दंड जोडीला. दिवस भरत आले तरी बाई मोळ्या वाहते, बाळंतीण पालावर फार दिवस पडून राहू शकत नाही. पाळीचे, दुखण्याचे खाडे नकोत म्हणून किती जणींनी पिशवीच काढून टाकली, हे 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोंदवलं. जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. प्रत्येकीचं कारण एकच असेल असं नाही, डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातल्याचंही बायका सांगतात. पण ज्या धंद्यात शरीराला सुट्टी घ्यायची मुभाच नाही, तिथे ती भीती घालणं फार सोपं होतं. 26 आठवडे या शब्दांना फडात काही अर्थ नाही, कारण तिथे मालक कोण हेच ठरत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

शहरात आमचं निभतं ते काकूंमुळे. आमच्या सोसायटीमागच्या दोन खोल्यांत एक काकू पाळणाघर चालवायच्या. भरवणं, झोपवणं, तापाचं औषध, शिवाय आईच्या लोकलला उशीर झाला की तासभर जास्तीचं, आणि त्याचे पैसे मागायला लाजायच्या. 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकामाला बाई दिवसाला 289 मिनिटं देते आणि पुरुष 88. काकूंचा दिवस अर्धा पगारी, अर्धा बिनपगारी, त्यांना कुठल्या रकान्यात बसवायचं कोण जाणे. एवढं नक्की, की बँक, शाळा, आयटी पार्क आणि एक सरकारी कार्यालय, इतक्यांचं काम त्या दोन खोल्यांवर चालत होतं आणि यातल्या एकाही ठिकाणाहून तिथे रुपया येत नव्हता.

मग काकूंच्या सुनेला मूल झालं. तिची रजा संपत आली तशी काकूंनी पाळणाघर बंद करत असल्याचं सगळ्या आयांना कळवलं, जूनपासून नातवाला सांभाळायचं म्हणून. सून कामावर वेळेत हजर झाली. बाकीच्या आया महिनाभर इकडेतिकडे धावल्या, कुणी गावाहून आई आणली, कुणी दुप्पट पैसे मोजून दुसरीकडे घातलं. दोघींनी राजीनामे दिले. त्यातल्या एकीची जागा भरायला आमच्याकडे मुलाखती झाल्या.