तीन काळांचे यंत्र

आकडे म्हटले की आम्हां कलाशाखेच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण धाकट्या भावाने हौसेने जोडलेल्या ड्रोनचे आकडे मला चक्क व्याकरणासारखे वाटले! कर्जतला डोंगरावरून वारा उतरला, की शेतावर उडणाऱ्या त्या यंत्राचा तोल जाई. भावाने ते संगणकाला जोडले आणि त्यातल्या ‘बीटाफ्लाइट’ प्रणालीची सेटिंग्ज एआय सहायकाकडून वाचून घेतली. सहायकाने उलगडून सांगितले: ‘पी’ म्हणजे तोल आत्ता किती ढळला, ‘आय’ म्हणजे आजवर साचलेली चूक, ‘डी’ म्हणजे बदलाच्या वेगावरून पुढचा अंदाज. वर्तमान, भूत आणि भविष्यच की हे!

या गणिताचे मूळही माणसातच सापडते. सुकाणूवरचा खलाशी जहाज कसे सावरतो, हे न्याहाळून निकोलस मिनॉर्स्की यांनी ते १९२२ मध्ये मांडले.

सहायकाने पुढे विचारले, ‘‘डी वाढवू का? मीच बदलतो.’’ भाऊ म्हणाला, ‘‘थांब. तू फक्त वाच.’’ डी फार वाढला तर मोटारी तापतात, प्रसंगी जळतातही. त्याने छोटे उड्डाण करून यंत्र उतरवले आणि मोटारींना बोट लावून पाहिले. ती धग त्या आकड्यांत कुठेच नव्हती. आणि शेतात तर कापणीला माणसे वाकलेली!

मित्रहो, वाचनाचे काम खुशाल दुसऱ्यावर सोपवावे. पण बदलाचा निर्णय, ज्याला खालची माणसे दिसतात, त्यानेच घ्यावा. नाही का?