एक छेद दोन

अब्बांनी बत्तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी दहावीच्या मुलांसाठी सराव प्रश्नपत्रिका अजून काढतात. गेल्या वर्षापासून हात थरथरतो. म्हटलं, "अब्बा, आता टाइप करा."

टायपिंगवर त्यांचा विश्वास नव्हता. पूर्वी एका टायपिंगवाल्याने घातांक ओळीवर उतरवला आणि 5 चा घन 53 झाला. एका मुलीने 53 धरून अख्खं उदाहरण सोडवलं. अब्बांनी तिला पूर्ण गुण दिले, पण तेव्हापासून प्रश्नपत्रिका हातानेच लिहिल्या.

मी कामासाठी लेटेक वापरतो. डोनाल्ड नूथ यांना स्वतःच्या पुस्तकाची छपाई पसंत पडली नाही, म्हणून त्यांनी 1977 साली टेक बनवायला घेतलं. लेटेक त्याच्यावरच उभं आहे. गणित त्यात फार देखणं छापलं जातं. पण एक महिरपी कंस सुटला की काम अडतं आणि पडद्यावर इंग्रजी सूचना येते. चार दिवसांनी अब्बांनी पुन्हा वही काढली.

मग वर्ड. तिथे नुसतं टाइप करूनही अपूर्णांक होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी माउसने चौकोन निवडायला शिकवलं. थरथरत्या हाताला चौकोन सापडेना.

शेवटी लिब्रेऑफिस. ते फुकट मिळतं. सूत्र खालच्या चौकटीत शब्दांत लिहायचं, वर ते समीकरण होऊन दिसतं. अपूर्णांकासाठी आधी अंश, मग 'ओव्हर', मग छेद.

"म्हणजे एक छेद दोन!" अब्बा म्हणाले. "वर्गात असंच तर वाचतो."

वर्गसमीकरणाचं सूत्र त्यांनी स्वतः लिहिलं. फक्त वर्गमूळच छेदावर चढलं, उणे बी बाहेर राहिला. मी हात पुढे केला.

"थांब. कंस राहिलाय." आणि त्यांनी तो घातला.

मी छपाईचा देखणेपणा बघत होतो. अब्बांना हवं होतं ते एवढंच, की चूक मुलांच्या आधी त्यांना दिसावी.

आता छापायला देताना आम्ही पीडीएफ काढतो, म्हणजे दुकानात काही सरकत नाही. पहिल्या प्रश्नपत्रिकेची प्रत आली तेव्हा अब्बांनी चष्मा पुसला आणि 5 च्या घनावर बोट ठेवलं.

"तीन वर आहे," म्हणाले, आणि पान उलटलं.