आठशे ग्रॅमचा हिशोब

आमच्या घरी केकसाठीचा एक छोटा डिजिटल वजनकाटा आहे. नाताळ जवळ आला की मम्मी त्यावर मैदा, साखर, लोणी तोलते. गेल्या मे महिन्यात त्याच काट्यावर मी गाडीच्या चाकाचा बोल्ट ठेवला. मम्मी ओरडली, "ग्रीस लागेल गे त्याला!" मी बोल्टखाली कागद घातला आणि आकडा वाचला : ९२ ग्रॅम.

साहित्य शिकणाऱ्या मुलीने चाकाचे बोल्ट का तोलावेत? सांगते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आम्ही साखळीचे. माझ्या लहानपणी आमच्या दारात पप्पांचा टिपर असायचा. खाणीवर माल भरायचा आणि आमोण्याच्या जेटीवर बार्जेससाठी नेऊन ओतायचा, दिवसभर हेच. पहाटे निघण्याआधी पप्पा हातोडी घेऊन टिपरभोवती एक फेरी मारायचे आणि प्रत्येक चाकाच्या नटावर एकेक टोला द्यायचे. खणखणीत आवाज आला की नट घट्ट. आवाज बद्द आला की पाना बाहेर. पान्याला लांब लोखंडी पाइप लावून त्यावर पप्पा अक्षरशः उभे राहायचे. एकदा त्यांच्या पुढच्याच टिपरचं चाक निखळून रस्त्याकडेच्या एका अंगणात घुसलेलं त्यांनी बघितलं होतं. अंगणातली मुलं नुकतीच जेवायला आत गेली होती. ती गोष्ट आम्ही किमान शंभर वेळा ऐकली असेल.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मधल्या काळात काम थोडंफार सुरू झालं. मग ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द ठरवलं आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प. दोन पावसाळे टिपर दारात उभा राहिला. शेवटी पप्पांनी तो भंगाराच्या भावात विकला. माझा मोठा भाऊ तेव्हा बारावीत होता. पुढचं शिक्षण सोडून तो कामाला लागला आणि नंतर क्रूझ बोटीवर गेला. माझी कॉलेजची फी तिथून येते, हे इथे लिहून ठेवते.

दोन कॉन्ट्रॅक्ट संपवून तो परत आला तेव्हा त्याने स्वतःसाठी एकच गोष्ट घेतली, सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ हॉर्सपॉवर. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर लोक भांडतात. आमच्या घरात ती स्पोर्ट्स कारच. आधीच्या मालकाने तिला बाहेरची अलॉय व्हील्स बसवली होती. रविवारी मिसा झाली की भाऊ केरीमार्गे चोर्ल्याच्या घाटात एक चक्कर मारून यायचा.

आणि मग त्याच्या डोक्यात टायटॅनियमचे बोल्ट शिरले. वीस बोल्टांचा सेट पंचवीस हजारांच्या पुढे. "चाक हलकं झालं की गाडी चपळ होते," तो जेवताना म्हणाला.

पप्पांनी घास खाली ठेवला. "चाक धरून ठेवतो तो बोल्ट. त्यात हलकेपणा कसला शोधतोस?"

"पप्पा, हा तुझा टिपर नव्हे."

(हे सगळं कोंकणीत झालं, मी मराठीत आणलंय. कोंकणीत ते वाक्य जास्त लागलं.) पप्पा काही न बोलता उठले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं मम्मीमार्फत सुरू झालं. दोन दिवसांनी भाऊ माझ्याकडे आला. "बाय, तू इंग्लिश वाचतेस ना? वाच आणि सांग. तू म्हणशील ते दोघं ऐकू."

माझ्यावर असा विश्वास कुठल्याच प्राध्यापकांनी टाकलेला नाही. मी मन लावून वाचलं.

आधी वजनाचा हिशोब. टायटॅनियमचं वजन त्याच आकाराच्या स्टीलच्या साधारण ५६ टक्के भरतं. म्हणजे ९२ ग्रॅमच्या जागी ५२, एका बोल्टामागे ४० ग्रॅमची बचत. एका चाकाला पाच बोल्ट, चार चाकांना वीस, म्हणून एकूण ८०० ग्रॅम. गाडीचं वजन साधारण १,१०० किलो. टाकीत एक लिटर पेट्रोल कमी भरलं तरी जवळपास तेवढंच वजन वाचतं, आणि त्याला पंचवीस हजार लागत नाहीत.

भाऊ म्हणाला, "पण हे फिरणारं वजन आहे. फिरणारं वजन जास्त मोजतात." बरोबर. चाक पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतंही, त्यामुळे वेग घेताना इंजिनाला दोन्ही कामं करावी लागतात. टायरच्या कडेला एक किलो कमी केला तर तो जवळजवळ दोन किलोंसारखा लागू पडतो. पण हा फायदा मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गावर ठरतो. पोलोचे बोल्ट चाकाच्या मध्यापासून अवघ्या ५ सेंटीमीटरवर, टायरची कड ३० सेंटीमीटरवर. अंतर सहापट कमी, म्हणून फिरण्याचा फायदा छत्तीसपट कमी. ८०० ग्रॅमला छत्तीसने भागलं की येतात २२ ग्रॅम. चार चमचे साखर. दहावीनंतर मी गणित सोडलं होतं, पण या २२ ग्रॅमांनी मला खरंच आनंद झाला.

आता टायटॅनियम कच्चं असतं असं पप्पांना वाटत होतं, तेही तितकं खरं नाही. चांगल्या मिश्रधातूचा बोल्ट ताकदीत चांगल्या स्टीलच्या जवळ जातो, आणि आमच्या पावसात तो गंजत नाही. रेसिंगमध्ये गाडीच्या प्रत्येक भागातून ग्रॅम-ग्रॅम काढतात, तिथे त्याला अर्थ आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीत तर एका चाकाला एकच नट असतो. पण टायटॅनियमचे आटे घासून अडकण्याची खोड असते, म्हणून वंगण लागतं. वंगण लावलं की त्याच जोराने आवळलेला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आवळण्याचा आकडा बनवणाऱ्याने दिलेलाच पाळावा लागतो. ओळख ना पाळख अशा विक्रेत्याचे बोल्ट घेऊन घाट उतरायचा नाही, एवढं मला कळलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तो ९२ ग्रॅमचा बोल्ट कागदावर पडलेला असताना मी त्याच्या डोक्याची खालची बाजू बघितली. ती गोलाकार होती, अर्ध्या चेंडूसारखी. त्यावर एकच बारीक चकचकीत रेघ उमटली होती. मी नुकतंच वाचलं होतं की फोक्सवॅगनचे मूळ बोल्ट गोल बैठकीचे असतात आणि बाहेरच्या पुष्कळ अलॉय व्हील्सची भोकं शंकूच्या आकाराची असतात. आम्ही बाहेर जाऊन चाक बघितलं. भोक सरळ उताराचं, शंकूसारखं. स्टेपनी काढून बघितली, तिची भोकं गोल. म्हणजे गोल डोकं शंकूत बसवलेलं होतं आणि पूर्ण बैठकीऐवजी फक्त एका रेघेवर टेकत होतं. अशी पकड हळूहळू सैल होते.

भावाने पाना लावला. पुढच्या डाव्या चाकाचे तीन बोल्ट जेमतेम जोरातच फिरले. त्याचा चेहरा उतरला. महिनाभर घाटात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरत होतं. बॅलन्सिंग करायचं राहिलंय, असं तो धरून चालला होता. शेवटच्या दोन रविवारी मी शेजारच्या सीटवर होते.

मागच्या चाकाचं उलटं. ते पंक्चर झालं होतं तेव्हा पप्पांनी जुना पाइप लावून आवळलं होतं. तिथला बोल्ट सोडवताना भाऊ घामाघूम झाला. पोलोच्या बोल्टाला १२० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्यावर साधारण १२ किलोंचा भार. अर्ध्या मीटरच्या पाइपवर ७५ किलोंचे पप्पा उभे राहिले की त्याच्या तिप्पट होतं. टिपरला ते चालत होतं. इथे बोल्ट कायमचा ताणला जातो.

हे वाचेपर्यंत मला वाटायचं की बोल्टावर चाक टांगलेलं असतं. तसं नसतं. आवळताना बोल्ट किंचित ताणतो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून धरतो. गाडीचा भार त्या दाबातल्या घर्षणावर चालतो. ताण कमी पडला तर चाक हलतं, जास्त झाला तर बोल्टच निकामी होतो. म्हणजे एकाला हलका बोल्ट हवा होता, दुसऱ्याला घट्ट, आणि दोघांनीही योग्य ताणाचा विचार केला नव्हता.

मी निकाल दिला. टायटॅनियम नको. शंकूच्या बैठकीचे, योग्य लांबीचे स्टीलचे वीस नवे बोल्ट आणि एक टॉर्क रेंच. दोन्ही मिळून टायटॅनियमच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यातही आलं नाही.

पार्सल आलं त्या संध्याकाळी भाऊ अंगणात चाकं बसवत होता. पप्पा व्हरांड्यातून बघत होते. भावाने रेंच १२० वर लावला आणि खेचला. टक्क आवाज आला.

"काय झालं? मोडलं?" पप्पांनी विचारलं. किती दिवसांनी थेट.

"नाही. पुरे झालं असं तो सांगतो."

पप्पा खाली उतरले. भावाने न बोलता रेंच त्यांच्या हातात दिला. पप्पांनी पुढचा बोल्ट आवळला, सवयीने अंगाचा भार टाकायला गेले आणि टक्क झाल्यावर थांबले. मग समोरासमोरचा बोल्ट, मग तिसरा. ओळीने आवळायचे नसतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. वीस झाल्यावर ते घरात गेले आणि हातोडी घेऊन आले. प्रत्येक बोल्टावर एकेक हलका टोला. भाऊ काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प राहिला.

नवीन बोल्ट बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने पुन्हा तपासायचे असतात. पुढच्या रविवारी घाटातून आल्यावर गाडी बंद व्हायच्या आत पप्पा रेंच घेऊन दारात उभे होते. स्टिअरिंगची थरथर थांबली आहे. भाऊ ऑगस्टमध्ये परत बोटीवर गेला. गाडी आता झाकून ठेवलेली असते. आठवड्यातून एकदा पप्पा ती सुरू करतात, साखळी बाजारापर्यंत एक फेरी मारतात, आणि निघण्याआधी हातोडी घेऊन तिच्याभोवती फिरतात.