ज्युनियरला हायकोर्टात पाठवताना

हायकोर्टातल्या न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्कच्या जागेसाठी अर्ज करू नकोस, असं मी माझ्या ज्युनियरना कित्येक वर्षं सांगत आलो. आता मीच विचारतो, "जाहिरात आलीय, अर्ज भरलास का?" मत का बदललं ते लिहून ठेवतो आहे, कारण पुण्यातल्या गुलटेकडी-बिबवेवाडीतली वकिलीत येणारी मुलं अजून माझं जुनंच मत मला ऐकवतात.

माझी वकिली मार्केट यार्डावर उभी आहे. आडत्यांचे परवाने, गाळ्यांचे वाद, शेतकऱ्याचे पट्टीवरचे अडकलेले पैसे, हमाल-तोलणारांची माथाडी मंडळातली प्रकरणं. १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आणि १९६९ चा माथाडी कायदा पुस्तकातून कळत नाहीत, पहाटेच्या आवकेत उभं राहून कळतात, असं मला वाटायचं. ते आजही वाटतं. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने इथल्या माणसाला हक्काची भाषा दिली. ती कानावर पडल्याशिवाय इथला पक्षकार काय सांगतो आहे हेच समजत नाही. मग न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये निवाडे शोधत बसलेल्या पोराला उलटतपासणी कुठे थांबवायची हे कोण शिकवणार? शिवाय क्लार्क असेपर्यंत वकिली बंद. ते वर्ष शिवाजीनगर कोर्टात का घालवू नये?

भुसार विभागात हमाली करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी माझ्याकडे ज्युनियर होती. माझा सल्ला बाजूला ठेवून ती मुंबईला गेली आणि वर्षभराने परत आली. तिकडच्या कुठल्याही मॅटरबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही, ती गोपनीयता पाळायचीच असते. फरक दिसला तो कागदावर.

पुरंदरच्या एका अंजीरवाल्या शेतकऱ्याचं अपील मुदतबाह्य म्हणून फेटाळलं गेलं होतं. उच्च न्यायालयात रिट करायची होती. माझ्या मसुद्यात सुरुवातीला त्याची जमीन, त्याचं कर्ज, आडत्याने दिलेल्या चेकची हकीकत असं सगळं होतं. तिने वाचलं आणि म्हणाली, "सर, यांना आदेशाची प्रत हातात कधी मिळाली, ते कितव्या पानावर आहे?" ते मागे परिशिष्टात होतं. तिने तारखांची यादी पुढे आणली, प्रत मिळाल्याची तारीख पहिल्या परिच्छेदात घातली आणि चेकची हकीकत दोन ओळींवर आणली. "बोर्डावर एवढी मॅटर्स असतात, सर. आपला मुद्दा पहिल्या पानावर नसला तर तो सापडायला वेळ लागतो." हे ज्ञान माझ्याकडे नव्हतं. मी आयुष्यभर मंचाच्या अलीकडे उभा राहिलो. आपले कागद पलीकडे कसे वाचले जातात, कुठे हात थांबतो, काय न वाचताच उलटलं जातं, ते तिने रोज पाहिलं होतं.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती मला आधीच दिसायला हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या जाहिरातीत लॉ क्लार्कला महिना ६५,००० रुपये मानधन होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनियरला किमान २०,००० द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. पुण्यात त्याहून कितीतरी कमी पैशात मुलं राबतात. ज्यांच्या घरी आधीच वकिली आहे त्यांना ही वर्षं निभावतात. हमालाच्या मुलीला नाही.

आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२५ चा निकाल आला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, पण लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम त्या अनुभवात धरलं. वर्ष वाया जातं हा माझा मुद्दा, निदान न्यायाधीश व्हायला निघालेल्यांपुरता, तिथेच संपला.

करिअरला मदत म्हणजे काय, यावर मात्र मी अजून अडतो. अमेरिकेत क्लार्कशिप ही थेट शिडी आहे: सरन्यायाधीश रॉबर्ट्स हे त्यांच्या आधीचे सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचे क्लार्क होते आणि रेनक्विस्ट स्वतः न्यायमूर्ती जॅक्सन यांचे. आपल्याकडे तसं नाही. यार्डातला आडत्या वकील निवडताना तो कोणाच्या चेंबरमध्ये होता हे विचारत नाही. त्याला उद्या स्थगिती हवी असते. नावाचा फायदा होईल म्हणून कोणी जाणार असेल, तर मी आजही नको म्हणेन. आणि दोन-तीन वर्षं तिथेच रमणाऱ्यालाही नको म्हणेन, कारण साक्षीदारासमोर उभं राहण्याची भीती जितकी उशिरा मोडावी तितकी घट्ट होते.

एक वर्ष, सनद मिळाल्यावर लगेच, आणि परतल्यावर पहिले सहा महिने फक्त पुरावा नोंदवण्याची कामं: एवढं मी माझ्याकडच्या मुलांशी आधीच ठरवून घेतो. यंदा फुलबाजारात गाळा असलेल्या एका कुटुंबातला मुलगा अर्ज करतोय. त्याच्या वडिलांना अजून पटलेलं नाही. मुंबईत राहायचं कुठे हाही प्रश्न आहेच. रविवारी त्यांच्याकडे बोलायला जायचं आहे.